उइ चानफोंगचा जिना

सकाळी भाताची टोपली वाफेवर चढवली की माझा एक कान शेजारच्या घराकडे असतो. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ हळूहळू मऊ होत जातो. आमचे हे बागेत जायची टोपी रोज नव्याने शोधतात, लेकीला शाळेचा पट्टा सापडत नाही म्हणून ती माझ्यावरच डाफरते, आणि या सगळ्या गोंधळात कुंपणापलीकडून बांबूचा पोकळ आवाज येतो. टक्-टक्-टक्. म्हणजे उइ चानफोंग उठली. आता तिच्याकडे कोणी धावत जायचं कारण नाही.

उइ म्हणजे आजी. तशी ती माझ्या नात्यातली नाही, पण आमच्या लाम्फूनकडे केस पांढरे झालेल्या माणसाला कोणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. तो बांबू पूर्वी गावच्या मुखियाच्या घरी टांगलेला असायचा. तो वाजला की लोक गावसभेला जमायचे. पुढे भोंगे आले, बांबू अडगळीत गेला, आणि उइने तो मागून न घेता सरळ उचलून आणला. आम्ही गावातल्या काही बायका आपणहून म्हाताऱ्या आणि अधू माणसांच्या घरी फेरी मारतो. रक्तदाब बघायचा, जेवण पोचवायचं, औषधं घेतली का विचारायचं, घटकाभर बसायचं. उइ आमच्या फेरीत आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रोज सकाळी मी जिवंत आहे का बघायला डोकं आत घालायचं नाही. मी बांबू वाजवीन. नाही वाजला तर या. आणि येताना शवपेटीवाल्यालाही घेऊन या, दोन खेपा नकोत."

त्या सकाळी बांबू वाजला नाही. उलट आमचं फाटक वाजलं.

आमच्याकडे फाटक कोणी वाजवत नाही. रस्त्यावरूनच "केत, आहेस का गं? जेवलीस का?" अशी हाक येते आणि हाकेमागोमाग माणूस आत. त्यामुळे फाटकावर हाताची थाप पडली तसे आम्ही तिघंही होतो तिथे थांबलो. ह्यांच्या एका हातात टोपी होती, ती सापडल्याचं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

बाहेर थानोम उभा होता. उइच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून उइनेच वाढवलेला, आता दूर समुद्राकाठच्या रायोंगला गाड्यांच्या कारखान्यात मुकादम. रात्रभर गाडी चालवून डोळे लाल, शर्ट चुरगळलेला.

"केत, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"मावशीबद्दल विचारतोय. किती दिवस सांगितलेत?"

"अरे, काल संध्याकाळी तिने माझ्या आमटीला नावं ठेवली," मी म्हटलं. "मरणाच्या दारातलं माणूस मीठ कमी आहे म्हणून भांडं परत पाठवतं का?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला. गावाच्या ग्रुपवर आलेला फोटो होता. आमच्या विहारातला जुना पिंपळ, त्याच्या फांदीखाली नवाकोरा लाकडी टेकू, पांढरा रंग दिलेला, वर मोठ्या अक्षरांत 'उइ चानफोंग, उदंड आयुष्य'. टेकूभोवती आमची सगळी पलटण हात जोडून. मध्यभागी आमच्या गटाची प्रमुख बानयेन, आम्हा सगळ्यांची 'पी', म्हणजे ताई, आणि एका कोपऱ्यात मी, नेमके डोळे मिटलेले. खाली गावातल्या आणि गावाबाहेर गेलेल्या सगळ्यांनी ओळीने जोडलेले हात टाकले होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नव्या वर्षाला आम्ही बेचक्याचं लाकूड वाजतगाजत विहारात नेतो आणि पिंपळाच्या वाकलेल्या फांदीखाली टेकू म्हणून उभं करतो. झाडाला आधार दिला की माणसाचंही आयुष्य टिकतं, असं आमचं मानणं. पण तो टेकू ज्याचा त्याने किंवा घरच्यांनी न्यायचा असतो. बाहेरच्या एवढ्या बायकांनी मिळून एकीच्या नावाचा नेला, ती स्वतः फोटोत नाही, तर दूरवर बसलेला माणूस एकच अर्थ लावणार. बानयेनने नेला होता निव्वळ प्रेमाने. उइचे पाय विहारापर्यंत चालत नाहीत, मग तिचं पुण्य आपणच पोचवू, असं तिला वाटलं. उइला विचारावं, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"ती ठणठणीत आहे," मी म्हटलं. "म्हणजे होती तशीच आहे."

"मग दार का उघडत नाही? मी आधी तिकडेच गेलो. आतून ओरडली, 'बांबू वाजला का? नाही ना? मग मी अजून उठलेली नाही!'"

एवढ्यात पलीकडून बांबू वाजला. आज जरा जास्तच जोरात.

मी गॅस बंद केला, भाताची टोपली ह्यांच्या हातात दिली आणि थानोमबरोबर निघाले.

उइचं घर लाकडी खांबांवर उभं आहे, जुन्या पद्धतीचं. वर राहणं, खाली मोकळी जागा. ते तिच्या नवऱ्याने, नान इनने, स्वतःच्या हातांनी बांधलं. नान इन तरुणपणी भिक्खू होता आणि मठातून बाहेर पडल्यावर सो गायला लागला. सो म्हणजे आमच्याकडचे सवाल-जवाब. बाजूला पावेवाले बसतात, समोरचा गडी गाण्यातून प्रश्न टाकतो, बाईने त्याच चालीत तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं. कोणाच्या मुलाची दीक्षा असो, नवं घर असो, चानफोंगचं नाव घेतल्याशिवाय मांडव उभा राहत नसे. नान इन तिच्यासमोर गावोगाव हरला. "हरून हरून कंटाळलो आणि लग्न केलं," असं तो सांगायचा. ती म्हणायची, "कंटाळा गेला, हरणं चालूच आहे."

मूल झालं नाही. थानोमला वाढवला, तो नोकरीला गेला, पुढे नान इन गेला, आणि मग एका सकाळी उइच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला. जिभेला मात्र काही झालं नाही, आणि हे चांगलं झालं की वाईट याबद्दल गावात दोन मतं आहेत.

आम्ही तेव्हापासून तिच्यासाठी काय काय केलं नाही! आरोग्य केंद्रातून वरखाली होणारी खाट मिळवली. चाकांची खुर्ची आणली. ती जिना चढू-उतरू नये म्हणून गावातल्या पुरुषांनी घराखाली विटा रचून तिला खोली बांधून दिली, न्हाणीघर बांधलं, रंगही दिला. उइने खोली पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. इथे आमची म्हैस असायची, तिलाही आवडली असती." आणि वर निघून गेली.

बानयेनने समजावलं, "उइ, खाली राहिलीस तर सगळं सोपं होईल गं."

"कोणाला सोपं?" उइने विचारलं होतं. "वर कोणी पाहुणा आला तर त्याचे पाय माझ्या डोक्यावर. हे बरं दिसतं?"

"वर आहे कोण?"

"तेच तर. मी आहे. मीच राहीन."

त्या खोलीत आता कोंबड्या राहतात. थानोमने दाराशी जाऊन आत पाहिलं तर त्या महागड्या खाटेवर एक तपकिरी कोंबडी फुगून बसली होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तोच "चुकलो" म्हणून बाहेर आला.

वर ओसरीवर उइ भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरून अंबाडा घातलेला, त्यात चाफ्याचं फूल. समोर भाताची लहान टोपली आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा. एका हाताने भाताचा घास वळून ती शांतपणे खात होती.

"ये," ती थानोमला म्हणाली. "वाळलास. केत, तूही ये. आज आमटी आणली नाहीस ना? बरं झालं."

थानोमने तिच्या पायाशी बसून नमस्कार केला आणि तिथेच त्याचा बांध फुटला. "मला वाटलं तू चाललीस. सगळा रस्ता मी तुझ्या अंत्यविधीचा विचार करत आलो."

"कुठल्या पावेवाल्यांना बोलवणार होतास?"

"मावशी!"

"सांग ना. तो पा सांग गावचा तुआन नको, सुरात नाही तो."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. थानोमने फोटो तिच्यापुढे धरला. उइने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तिचा घास वळणारा हात थांबला.

नेमकी तेव्हाच पी बानयेन जेवणाचा डबा घेऊन जिना चढून वर आली. मनाने मऊ, आवाजाने मोठी बाई. "अरे वा, थानोम! कधी आलास? उइ, बघ, आज पपईची भाजी..."

"बानयेन," उइ म्हणाली, "मी फांदी आहे का?"

"काय?"

"वाळकी, वाकलेली, खाली येणारी फांदी आहे का मी? माझ्या नावाचा खांब रोवून आलीस, सगळ्या मुलखाला दाखवलास, मला विचारलंस?"

"उइ, तुझं आयुष्य वाढावं म्हणून गं..."

"माझं आयुष्य वाढवायचं तर मला घेऊन जायचं होतं! खांद्यावर लाकूड घेऊन त्या विहारात मी नाचत गेलेली आहे. नान इन पुढे, मी मागे. तुम्ही सगळ्याजणी परकरात होता तेव्हा. आणि आता माझं पुण्य मला न सांगता परस्पर पोचवता?"

बानयेनचा चेहरा पडला. डबा तिच्या हातातच राहिला. मी तो तिच्याकडून घेऊन खाली ठेवला, कारण दुसरं काय करावं ते मलाही कळेना.

थानोमने डोळे पुसले आणि ज्यासाठी तो आला होता ते बोलून टाकलं. रायोंगला त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक निवासस्थान आहे. स्वच्छ आहे, थंडगार आहे, परिचारिका आहेत, वर-खाली जायला यंत्र आहे. तो रोज कामावरून येताना भेटेल. जागा धरून ठेवायला त्याने सांगितलं होतं. फोटोने त्याचा निर्णय पक्का केला होता आणि मावशी बरी आहे हे बघूनही तो बदलला नव्हता.

"तिथे माझ्याशी भांडायला कोण आहे?" उइने विचारलं.

"चेष्टा नको. इथे पडलीस तर?"

"पडेन."

"मग?"

"मग बांबू वाजणार नाही आणि केत येईल. आमच्यात तसं ठरलंय."

"आणि तोवर?"

"तोवर छताकडे बघत एखादा जवाब रचीन. पुष्कळ सवाल उधार राहिलेत माझ्याकडे."

थानोम उठून जिन्याच्या तोंडाशी गेला. खाली कुंपणाशी एव्हाना शेजारपाजारची माणसं जमली होती. आमच्या गावात परकी गाडी उभी राहिली की केरसुण्या आपोआप रस्त्याच्या बाजूला झाडायला लागतात. त्याने वरूनच सगळ्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा, ही जिना कशी उतरते?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. उइ जिना पाठमोरी उतरते. तोंड घराकडे, पाठ जगाकडे, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी. पाहणारा नकळत हात पुढे करतो. कोणी म्हणायचं, वारं डोक्यापर्यंत गेलंय. कोणी म्हणायचं, हट्ट आहे, दुसरं काय. आम्ही तिला इतकंच सांगत राहिलो, की उइ, उतरू नकोस.

"ठरवून टाकू," थानोम म्हणाला. तो मागे हटला नाही. तोही तिनेच वाढवलेला. "आत्ता, माझ्यासमोर, कोणाचाही हात न धरता खाली उतरून दाखव. उतरलीस तर मी एकटा परत जातो, पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही उतरलीस तर गाडीत बस."

"शब्द दिलास?"

"दिला."

"ऐकलंत ना रे?" उइ कुंपणाकडे बघून ओरडली. केरसुण्या थांबल्या.

बानयेन माझ्या कानाशी लागली. "केत, थांबव तिला. तू शिकलेली आहेस."

"माझं शिक्षण तिच्यापुढे कधी चाललंय, पी?"

उइने उजवा हात भिंतीवर टेकून स्वतःला उभं केलं. नेसलेल्या सिनचं टोक कमरेला घट्ट खोचलं. जिन्याच्या तोंडाशी आली आणि सावकाश वळली. तोंड आमच्याकडे, पाठ अख्ख्या गावाकडे.

"अशी नाही!" थानोम खालून म्हणाला, तो आधीच उतरून पायथ्याशी हात पसरून उभा राहिला होता. "तोंड इकडे करून. सरळ, माणसासारखी."

"ते तू म्हणाला नव्हतास. सवाल टाकून झाल्यावर त्याला शेपूट लावायचं नसतं. तुझ्या काकालाही हेच शिकवावं लागलं."

कुंपणापाशी कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

ती उतरू लागली. उजवा हात कठड्यावर. आधी डावा पाय, तो तिला पायरीवर शोधावा लागत होता, अंधारात चप्पल शोधावी तसा. मग त्यावर क्षणभर भार, मग उजवा पाय. प्रत्येक पायरीला ती काहीतरी बोलत होती. "बघा नीट. अशी पाठ नशीबवानांनाच दिसते." आणि पुढच्या पायरीला, "मांडवात या पाठीसाठी लोक पुढे येऊन बसायचे."

मधल्या पायरीवर डावा पाय घसरला. उइ पूर्ण कठड्यावर लटकली. सिनचं टोक सुटलं. बानयेन वरून दोन पायऱ्या झेपावली.

"हात लावशील तर बघ!"

बानयेन जागच्या जागी थिजली. मी ओसरीचा खांब धरला होता, तो किती घट्ट ते नंतर तळहात दुखायला लागला तेव्हा कळलं. उइ तशीच लोंबकळत राहिली, श्वास घेतला, पाय पुन्हा पायरीवर ओढून आणला. आता ती बोलत नव्हती. तिच्या मानेवर घाम उतरला होता आणि अंबाड्यातलं चाफ्याचं फूल निसटून खाली थानोमच्या पायाशी पडलं.

मग एक पायरी. मग आणखी एक. आणि मग तिचा पाय मातीला लागला.

ती वळली. थानोमच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना वळसा घालून, एक हात खांबावर ठेवून, ताठ उभी राहिली. कुंपणापाशी टाळ्या झाल्या नाहीत, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना टाळ्या वाजवत नाहीत. पण सगळ्यांनी हात जोडले.

थानोम पायरीवर बसला. "जिंकलीस," तो म्हणाला. "मी शब्द पाळीन. पण तू रोज अशी उतरणार, आणि मी तिकडे भाताचा घास कसा गिळू? ते सांग."

बानयेन खाली आली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उइ, आमचं चुकलं. न विचारता गेलो. आता विचारते. तुला काय हवंय? आम्ही काय करू?"

आणि आयुष्यभर सवालाला तोंडावर जवाब देणारी ती बाई पहिल्यांदा गप्प झाली. मागणं तिला कधी जमलंच नाही. मांडवात लोक आपणहून वाटीत ठेवतील तेवढं घ्यायचं, घरी नान इनने न सांगता ओळखायचं. कोंबडी खोलीतून बाहेर आली, दाणे टिपू लागली. उइ तिच्याकडे बघत राहिली. मग उजव्या हाताने तिने आपला डावा हात उचलून आम्हाला दाखवला. मेलेल्या माशासारखा तो लोंबत होता.

"नान इनने कठडा एकाच बाजूला लावला," ती म्हणाली. "दुसरी बाजू मोकळी ठेवली, भाताच्या टोपल्या वर घ्यायला. चढताना कठडा माझ्या या चांगल्या हाताला येतो, म्हणून मी सरळ चढते. उतरायला वळले की तो या हाताला येतो. आणि याला काही धरता येत नाही. म्हणून मी उलटी उतरते. डोकं फिरलंय म्हणून नाही, हट्ट म्हणूनही नाही. तुम्ही खाट आणलीत, खुर्ची आणलीत, खोली बांधलीत. सगळ्यांनी माझी पाठ बघितली, जिना कोणी बघितला नाही."

थानोमने मान वळवून जिन्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

"झाडाला दिलेला टेकू झाडाकडेच राहू दे," उइ म्हणाली. "दिलेलं परत आणत नाहीत. मला दुसरं लाकूड कापून आणा, सरळसं, हाताला खुपणार नाही असं तासून. आणि या जिन्याला त्या बाजूनेही कठडा लावून द्या. मला तेवढाच हवा आहे."